दाजींची पँट

चिमणी साफ करायच्या कामात आम्ही दोघंच: मी आणि दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नवी मुंबईतल्या हॉटेल-खानावळींच्या किचनमध्ये जायचं आणि शेगडीवरच्या पत्र्याच्या डक्टमध्ये साचलेला तेलकट काळा थर खरवडायचा. माझं एका जागी बूड टेकत नाही, म्हणून ताईनेच मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

दाजींचा एकच नियम. डक्टमधून रांगत टोकाच्या पंख्यापर्यंत जो जाईल, त्याने आधी बोर्डावरचा त्या पंख्याचा चिनी मातीचा फ्यूज उपटून स्वतःच्या खिशात टाकायचा. बटणाचा भरवसा नाही. बटण कुणीही दाबतं.

सारसोळे गावातल्या एका खानावळीत मालकीण मावशींना संध्याकाळच्या एका लग्नाच्या हळदीच्या जेवणाची ऑर्डर होती. त्या घडीघडी येऊन विचारायच्या, "झाला का रं?" मी नुसता चरफडत होतो. दाजींनी फ्यूज काढला, खिशात टाकला; बटण तसंच चालू. मग त्या घाईत अंगावरची चांगली पँट बोर्डाखालच्या खिळ्याला अडकवली, कामाची मळकी चढवली आणि आत शिरले. फ्यूज चांगल्या पँटमध्येच राहिला, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मी मोरीत चिमणीच्या जाळ्या घासत बसलो. आतलं खरवडणं थांबलं की जीव वरखाली व्हायचा, सुरू झालं की वाटायचं, आवरा ना आता! तेवढ्यात मागे फरशीवर काहीतरी जड पडलं. भिंतीवरचा झारा काढायला मावशींनी पँट बाजूला सारली होती. मी हातातली जाळी ठेवून वळेपर्यंत पंखा सुरू होऊन डक्ट गुरगुरायला लागला.

ओल्या हाताने धावत जाऊन मी फ्यूज कसा उपटला, आजही सांगता येत नाही.

"यो खाली परला व्हता, म्हनून लावला," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आत माणूस आहे!"

मी दाजींना हाक मारली. पुन्हा मारली. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मग आतून खोकला ऐकू आला.

दाजी सरपटत बाहेर आले. दोन्ही हात शाबूत. "पंख्याची पातीच खरवडत होतो. डोळ्यात तेल गेलं म्हणून हात मागं घेतला," म्हणाले. मी असा भडकलो की त्यांना सणसणीत शिवी हासडली. प्रत्यक्ष दाजींना! मावशींनी चहा दिला तर तो तसाच ठेवून दाजी आपल्या चांगल्या पँटचे रिकामे खिसे चाचपत बसले. ते बघून मलाच रडू फुटलं.

"ताईला सांगू नको," ते म्हणाले.

"नाही सांगत. पण यापुढं आत मी जाणार."

हल्ली तसंच चालतं. मी आत आणि दाजी बाहेर उभे. सारखी पत्र्यावर टकटक करतात, वर ओरडतात, "हायेस ना?" डोकं उठतं माझं. तरी दर वेळी हातातलं काम सोडून मी उलट टकटक करतो.