आरशातला हात

न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंतच्या सगळ्या पाट्या मी मोठ्याने वाचल्या आहेत. माझं कामच ते होतं. मास्तर गाडी चालवायचे, आब्ला मागच्या सीटवर डबे आणि उशांच्या मधे बसायची, आणि मी पुढे मांडीवर पर्स घट्ट धरून पाटी दिसली की वाचायची. मास्तरांना रस्ता दिसायचा, गाड्या दिसायच्या, पण लांबची अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळायची. हे त्यांनी मला आमचं पार्सिपनी गाव सोडून हायवेला लागल्यावर सांगितलं. तेव्हा उतरायची काही सोय नव्हती.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे तुर्की शिंपी. गावाकडे टेलरला मास्तर म्हणतात म्हणून मी मास्तर म्हणायची, त्यांनाही ते आवडायचं. त्यांच्या बायकोला त्यांच्याकडचे सगळे आब्ला म्हणायचे, म्हणजे ताई. मीही तेच म्हणायला लागले. दोघं सत्तरीच्या पुढची. आम्हा तिघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. चांगलं इंग्रजी बोलणारं कुणी आलं की आम्ही तिघंही गप्प.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढची तीस वर्षं मी इस्लामपुरात ब्लाउज शिवले, त्यावर दोन्ही पोरं शिकली आणि दोन्ही इकडे आली. मुलाने मला इकडे आणलं त्या पहिल्या थंडीत मी कचरा टाकायला बाहेर आले आणि दार मागे आपोआप बंद झालं. पायात घरातल्या चपला, खाली बर्फ, मुलगा आणि सून ऑफिसात. मला मुलाचा फोन नंबरही पाठ नव्हता. तेव्हा आब्लाने मला हाताला धरून आत नेलं आणि मास्तरांनी माझे पाय टॉवेलात गुंडाळले. परक्या बाप्याने पायाला हात लावला म्हणून मी रडले, असं त्यांना वाटलं. मी त्यासाठी नव्हते रडले.

नंतर त्यांच्या तळघरातल्या मशीनवर मी त्यांना हाताखाली मदत करू लागले. तेही अकराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात बसलेले. इंग्रजी वाचायला ते रस्त्यावरच्या पाट्यांवरून शिकले, आणि संध्याकाळी फिरायला जाताना मलाही तसंच शिकवलं. मी वाचलं की विचारायचे, "नक्की?" मग मी परत एकदा बघायची. मला ते सिस्टर म्हणायचे, दवाखान्यातल्या नर्सला म्हणतात तसं.

माझी मुलगी टेक्सासात प्लेनोला राहते. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि मला विमानाची, म्हणजे खरं तर विमानतळाची, धास्ती. एकदा विमान बदलताना मी चार तास चुकीच्या दारासमोर बसले होते. मास्तर म्हणाले, आम्ही तिकडेच चाललोय, माझा धाकटा भाऊ प्लेनोलाच असतो. वाटेत आब्लाची भाची, माझा जुना दोस्त, सगळ्यांना भेटत जाऊ. मुलगा म्हणाला, "आई, फ्लाइट चार तासांची आहे. तू चार दिवस गाडीत बसणार?" सून म्हणाली, "जाऊ दे रे, त्यांनाही कंपनी होईल." मी कमरेच्या पिशवीत पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड बांधलं आणि निघाले.

पहिल्याच दिवशी मी माझ्या बाजूच्या आरशावरची बारीक ओळ वाचली. आरशात दिसतात त्याहून वस्तू जवळ आहेत, असं त्यात लिहिलेलं. मी विचारलं, मग काचेत खोटं का दाखवतात? मास्तर हसले. पण मी त्यानंतर आरशात बघितलं की मागचा प्रत्येक ट्रक अंगावर आल्यासारखा वाटायचा.

पहिला मुक्काम व्हर्जिनियात, आब्लाच्या भाचीकडे. तिने इतकं खाऊ घातलं की मला नको म्हणायची लाज वाटायला लागली. सकाळी निघताना मास्तर दारात थांबले, भाचीचे दोन्ही खांदे धरले आणि हळू आवाजात एक वाक्य बोलले. त्यातले हक्क आणि हलाल हे दोनच शब्द मला ओळखीचे वाटले.  मग तिने उजवा हात छातीवर ठेवला, दोन शब्द बोलली, आणि आत पळाली.

गाडी सुरू झाली तशी ती पाण्याने भरलेला जग घेऊन बाहेर आली आणि आमच्या गाडीमागे रस्त्यावर भडाभडा पाणी ओतलं. मी दचकले. आमच्यात माणूस प्रवासाला गेल्यावर लगेच केर काढत नाहीत, अंघोळसुद्धा करत नाहीत, आणि इथे त्यांच्या पाठीवर पाणी. मास्तरांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त विचारलं, "पाणी टाकलं?"

"टाकलं."

"नक्की?"

मी परत आरशात बघितलं. काळा ओला पट्टा रस्त्यावर पसरत होता. "नक्की," मी म्हणाले. आब्ला मागून म्हणाली, पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत या, त्यासाठी असतं ते. मग मला जरा बरं वाटलं.

टेनेसीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना एक वेल दिसायला लागली. तिने झाडं गिळली होती, विजेचे खांब गिळले होते. एका ठिकाणी आख्खं घर तिच्याखाली होतं, चिमणी आणि एका खिडकीचा कोपरा तेवढा उघडा. काचा बंद असूनही किड्यांचं किर्र ऐकू यायचं. मैलोन्‌मैल पाटी नाही. वाचायला काही नसलं की मला भीती वाटायची, वाटायचं आपण चुकलोय.  मास्तरांनी दुपारी काही खाल्लं नव्हतं, आणि आब्लाने आग्रहही केला नव्हता. तिने आग्रह केला नाही, हे मला फार खटकलं.

मास्तरांचा जुना दोस्त त्या वेलीच्या मुलखातच राहत होता. तोही शिंपी, बायको गेलेली. त्याच्या घरात प्रत्येक खोलीत कापड नेसवलेले पुतळे उभे होते, बिनमुंडक्याचे, कुणाला एकच बाही, कुणाच्या छातीवर खडूच्या रेघा. चहा पिताना मला सारखं वाटायचं की आम्ही चौघं नाही, बरेच जण आहोत.

त्याने मास्तरांसाठी कोट शिवून ठेवला होता. मापं घ्यायची गरज नाही म्हणाला, तीस वर्षं एका दुकानात काम केलं, तुझी मापं माझ्या बोटांत आहेत. मास्तरांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले.

कोट त्यांच्यावर लोंबत होता. खांदे खाली उतरलेले, पाठीत झोळ. मी रोज त्यांना बघत होते म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोस्ताने मागून कापड चिमटीत धरलं. कोटाच्या पाठीत पूर्ण मूठभर कापड आलं. मी आयुष्यभर मापं घेतलीत, एवढं माप बाळंतपणात वाढतं आणि आजारात उतरतं, तिसरं कारण मी पाहिलेलं नाही.  तोंडात टाचण्या धरून तो एकेक लावत गेला, आणि मास्तर हात जरा लांब धरून त्या पुतळ्यांसारखे उभे. खोलीत फक्त टाचणी कापडात शिरण्याचा आवाज.

निघताना दारात पुन्हा तेच वाक्य. दोस्ताने हात छातीवर ठेवला, ओठांत अजून एक टाचणी होती ती काढून बोलला, आणि मग पाणी.

दुसऱ्या दिवशी आर्कान्सामध्ये एका रेस्ट एरियात मास्तर बाथरूमला गेले तेव्हा मी आब्लाला विचारलं. ती लाकडी बाकावर संत्रं सोलत होती. म्हणाली, लांबच्या प्रवासाला निघताना आमच्यात एकमेकांना सांगायचं असतं, तुझा माझ्यावर जो काही हक्क राहिला असेल तो सोडून दे. जेवू घातलंस, दुखावला गेलास, वाट बघितलीस, सगळं. समोरचा म्हणतो, हलाल असो. सोडला. माणूस गेल्यावर इमामसुद्धा जमलेल्यांना तीनदा हेच विचारतो.

मी म्हणाले, "हा कसला लांबचा प्रवास? परत यायचंच आहे ना?"

तिने संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. यांच्या पोटात गाठ आहे म्हणाली. परत गेल्यावर ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगितलंय, ज्यांना भेटायचंय त्यांना आधी भेटून घ्या. "बाकी सगळे म्हणतील," ती म्हणाली, "मला चिंता एकाचीच आहे. भावाने नाही म्हटलं तर हे त्या टेबलावर झोपायला तयार नाहीत."

भावाची गोष्ट तिने तेवढ्यात सांगितली. त्यांची आई गावाकडे आजारी पडली तेव्हा धाकट्याचे इकडचे कागद झाले नव्हते. गेला असता तर परत येता आलं नसतं. म्हणून मास्तरांनी त्याला कळवलंच नाही. एकटे गेले, मूठमाती देऊन आले आणि मग फोन केला. तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी बोलत नाही. मी आपोआप कमरेची पिशवी चाचपली. माझ्या मुलाने माझ्याबाबतीत असं ठरवलं तर? आणि मी त्याच्या जागी असते तर? मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

प्लेनोला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. रुंद रस्ते, एकसारखी विटांची मोठी घरं, फुटपाथवर एक माणूस नाही. फक्त पाण्याचे फवारे आपोआप सुरू होत होते आणि बंद होत होते. भावाने दार उघडलं आणि मी एक पाऊल मागे सरकले. दोन वर्षांपूर्वीचे मास्तर दारात उभे होते. तीच मिशी, तोच भरलेला गळा, तेच जाड खांदे. आमचे मास्तर त्याच्यासमोर आपल्याच सावलीसारखे दिसत होते. त्या दोस्ताचा कोट याला बरोबर बसला असता.

त्याने वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. चहा दिला, जेवण मागवलं, मला खुर्ची ओढून दिली. पण भावाकडे तो बघत नव्हता. मास्तर बोलले की तो आब्लाला उत्तर द्यायचा. तासाभराने आम्ही उठलो.

दारात मास्तर थांबले. खांदे धरायला हात उचलले आणि मधेच खाली घेतले. वाक्य मात्र म्हणाले, आता मलाही ते पाठ होतं. भावाचे दोन्ही हात खिशात होते, ते तिथेच राहिले. तो काहीतरी बरंच बोलला, अजिबात आवाज न चढवता, आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसल्यावर आब्लाने मला हळूच सांगितलं. "म्हणाला, माझं सगळं सोडलं. पण आईचा तो शेवटचा दिवस माझा होता, तो मी कसा सोडू?" एवढं बोलून तिने ओढणी तोंडावर घेतली आणि मान सीटला टेकवली.

मास्तरांनी गाडी मागे घेतली, रस्त्याला लावली. समोर बघत होते. मी सवयीने आरशात बघितलं. दार उघडलं. भाऊ बाहेर आला, डाव्या हातात झाडांना पाणी घालायचा प्लास्टिकचा जग. त्याने पाणी आमच्या मागे ओतलं. एवढ्या तापलेल्या सिमेंटवर ते पडता पडता वाळत होतं. मग त्याचा उजवा हात वर आला. सूर्य बरोबर आमच्या मागे होता आणि आरसा सगळा पेटल्यासारखा झालेला. हात छातीपर्यंत आला. तिथे थांबला, का घाम पुसायला कपाळाकडे जात होता, ते दिसायच्या आत गाडी वळली.

"पाणी टाकलं?" मास्तरांनी विचारलं.

"टाकलं."

सिग्नल लाल होता. चौकात आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती. तो सुटला तरी मास्तर हलले नाहीत.

"हात?"

"छातीवर," मी म्हणाले.

प्रवासभर प्रत्येक पाटीला त्यांनी नक्की विचारलं होतं. तेव्हा विचारलं नाही. गाडी पुढे घेतली. मागून आब्लाचा श्वास ऐकू आला, खूप वेळ धरून सोडल्यासारखा.

मुलीच्या दारात त्यांनी माझी बॅग उतरवली आणि मलाही तेच विचारलं, इंग्रजीत, शब्द शोधत. मी म्हणाले, तुमच्यावर माझा कसला हक्क, उलट मीच. ते म्हणाले, सिस्टर, फक्त म्हण. मी हात छातीवर ठेवला आणि म्हणाले. मग उलट मीही मागायचं असतं, म्हणून मागितलं. त्यांनी लगेच हात छातीवर ठेवला. "हलाल असो. सगळं." काय सोडतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले.

गाडी निघाली तशी मी पर्स टाकून आत पळाले, मुलीच्या फ्रिजमधली बाटली काढली आणि बाहेर येऊन ओतली. मुलगी विचारत होती, अगं आई, काय करतेयस? गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. पुढच्या माझ्या सीटवर कुणी नव्हतं. पाणी टाकलं हे त्यांना सांगायला कुणीच नव्हतं.

ऑपरेशन त्यांनी करून घेतलं. त्यातून ते उठले नाहीत. मी तोपर्यंत नातीला घेऊन बसले होते. मुलाने तिकीट काढलं, आणि विमानतळावर मी एकटीने सगळ्या पाट्या वाचल्या, प्रत्येक दोनदा.

मशिदीच्या आवारात बायका मागे उभ्या होत्या. आब्लाने माझा हात धरला होता. तिचा चेहरा शांत होता, आणि ती शांतता माझ्या एका शब्दावर उभी आहे असं मला वाटत राहिलं. भाऊ पहिल्या रांगेत होता. मागून बघताना पुन्हा तेच खांदे, मास्तरच आपल्याच पेटीसमोर उभे असल्यासारखे. इमामाने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सगळे पुरुष एका आवाजात बोलले, त्यात एकाचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. मी त्याचा उजवा कोपर बघत होते. तो वाकलेला होता. हात छातीवर असला तरी कोपर तसाच वाकतो, आणि खिशात असला तरी.

नंतर तो माझ्याजवळ आला. आब्लाने त्याला सांगितलं होतं, वाटेत पाट्या हिनेच वाचल्या. त्याने थँक यू म्हटलं आणि तसाच उभा राहिला. तेवढ्या जवळून, त्या दिवशी हात कुठे होता ते विचारता आलं असतं.

मी विचारलं, "तुम्ही चहा घेतला का?"