वाळवंटातला झरा आणि ह्यांचा तांब्या

न्यूझीलंड म्हणजे सगळं हिरवंगार, असं मी समजत होते. मुलानं ऑकलंडहून पाच तास गाडी चालवली आणि मला वाळवंटात आणून उभं केलं. काळी रेती, बोचरा वारा, झाड म्हणून नाही. मधेच एका घळीत तेवढा हिरवा पट्टा, त्यात झरा आणि वर टेकाडावर जुन्या लढाईचे मातीचे तट. तटाच्या आत मेलेल्यांची थडगी. मुलानं पाटी वाचून सांगितलं. एवढ्या ओसाड जागेसाठी माणसं मेली, याचंच मला नवल वाटलं.

झऱ्याशी आल्यावर मी म्हटलं, "भूक लागली. दहीभात काढ."

त्यानं खाणं गार ठेवायची चिली बिन उघडली. दहीभाताच्या डब्याला लागून ह्यांच्या अस्थींचा तांब्या. ह्यांनी मुलाच्याच घरी डोळे मिटले, त्याला वर्ष झालं होतं. तांब्या तेव्हापासून गॅरेजमध्ये होता.

मी डब्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"आई, नाशिकला जायला रजा मिळत नाहीये. हे डोंगरावरच्या बर्फाचं पाणी आहे, एकदम स्वच्छ. बाबांना इथंच सोडू."

"भाताशेजारी ठेवलंस त्यांना?"

"दुसरीकडे लवंडला असता गं."

तो तांब्याच्या तोंडाचं फडकं सोडायला लागला. तटाजवळ गवत काढणारी एक माओरी बाई खाली आली. नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणाली, तांब्या बघितला आणि हळू आवाजात बरंच बोलली. मुलाचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"हे पाणी खाली वस्तीवर पितात. मेलेल्यांचं काही पाण्यात सोडायचं नाही. पाणी बाटतं म्हणते."

बाटतं! आमच्यात पाण्यात गेल्याशिवाय माणूस सुटत नाही. गोदावरीचं पाणी पुढे कोण पितं, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. दोन मिनिटं मला तिचा रागच आला. मग वाटलं, आमच्या विहिरीवर कुणी परका अस्थी घेऊन आला असता, तर मी एवढं हळू बोलले नसते.

"फडकं बांध," मी मुलाला म्हटलं. "तुला रजा नको. मला विमानात बसवून दे, मी नेते."

"एकटी? तुला इंग्रजी येत नाही."

"ह्यांना तरी कुठे येत होतं!"

त्यानं फडकं पुन्हा बांधलं. मग म्हणाला, "कधीचं तिकीट काढू?"

"याच महिन्यातलं," मी म्हटलं आणि तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला.