एका हाताचा गिअर

सगळी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणते. बत्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी मनगटी घड्याळं उघडली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू शेवटी चार स्क्रूंवर उभी असते आणि ते चारही आपल्याला काढता येतात, असा त्यांचा ठाम समज झाला. घड्याळांच्या बाबतीत तो खराही आहे. घरातल्या इस्त्रीला आणि मिक्सरला विचाराल तर वेगळं ऐकायला मिळेल.

त्यांची बायको चौदा वर्षं एका लॅबच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. आता लॅबने घरोघरी जाऊन नमुने आणायचं काम देऊ केलं होतं. गाडी लॅबची, अट एकच, महिनाअखेरीपर्यंत लायसन्स हवं. उघड्यावर काम करायला मिळणार या कल्पनेनेच बाई हरखून गेली होती. पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली. सोमवारी तिसरी खेप होती आणि ती हुकली तर काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

परीक्षा घरच्याच जुन्या गाडीवर द्यायची होती आणि दोन्ही वेळा घोडं अडलं ते दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना. क्लच दाबून ती नुसती बसून राहायची आणि गाडी कण्हत थांबायची. घड्याळजींनी निदान केलं की दोष गिअरच्या दांड्याचा आहे. लांबलचक, खिळखिळा, बादलीत काठी फिरवावी तसा फिरणारा. शिकवताना स्वतःचा हात कायम बायकोच्या हातावर असायचा आणि गिअर खरं तर आपणच टाकायचो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी बाहेरच्या कंपनीचा आखूड दांडा मागवला. बायको म्हणाली, परीक्षेच्या तोंडावर कशाला नसती उठाठेव? पण ऐकतील तर ते घड्याळजी कसले.

रविवारी सकाळी उंबऱ्यावर पांढरं फडकं अंथरलं गेलं. निघालेला एकेक बोल्ट त्यावर बारापासून सुरुवात करून तबकडीसारखा गोल मांडला. बायकोच्या हातात बॅटरी दिली आणि श्वास हळू सोड अशी सूचनाही दिली. जुना दांडा निघाला, गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दोन केबली सुटल्या, नवा दांडा बसला, केबली परत जोडल्या. मग बोल्ट आवळायची वेळ आली. ते घड्याळजींनी आवळले दोन बोटांनी, अगदी अलगद. जास्त आवळलं की आटे गेलेच, हे त्यांच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य.

लगेच दोघं फेरी मारायला निघाले, स्टिअरिंगमागे घड्याळजी. पहिला गिअर लोण्यासारखा पडला, दुसराही पडला. घड्याळजींची कॉलर ताठ झाली. तिसऱ्याला मात्र दांडा कव्हरसकट उपटून हातात आला. भररस्त्यात तो हातात धरून ते बसले, सत्काराला आणलेला गुच्छ कुणाला द्यायचा ते विसरल्यासारखे. शेवटी कोपऱ्यावरचा न्हावी आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, दोघांनी मिळून गाडी घरापर्यंत ढकलली. साबण वाळेपर्यंत गिऱ्हाइकाने फुकटचे सल्लेही दिले.

दाराशी येऊन घड्याळजी पायरीवर बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मी तुझं वाटोळं केलं," ते म्हणाले.

बायकोने पाना उचलला, दोन्ही सीटांच्या मध्ये आडवी झाली आणि दांडा जागेवर बसवून बोल्ट असे आवळले की गाडी हलली. आटे जातील, आटे जातील, असं घड्याळजी बाहेरून पुटपुटत होते. कव्हर लावायच्या आधी तिने दांडा चारी बाजूंना हलवून पाहिला. आडवा नेला की एक केबल सरकते, पुढे-मागे नेला की दुसरी. एवढंच होतं होय, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने तो पुन्हा पुन्हा हलवला.

संध्याकाळी तिनेच गाडी काढली. तिसऱ्या गिअरची वेळ आली तसा घड्याळजींचा हात सवयीने पुढे आला. पण नवा दांडा इतका आखूड की बायकोच्या एका मुठीत सगळा मावलेला. जागाच नाही म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं.

"अहो, हात काढा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी या हाताची वाट बघत बसले, म्हणून नापास झाले."

घड्याळजींना हे फार लागलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. तिने मात्र घरी परतण्याआधी आणखी सात फेऱ्या मारल्या.

सोमवारी परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणाशी ते मनगटाकडे बघत उभे होते. अकराव्या मिनिटाला बायको कागद फडकावत आली. पास! आनंदाच्या भरात घड्याळजी स्वतःच स्टिअरिंगमागे बसले, जुन्या सवयीने दांडा लांब ओढायला गेले, भलताच गिअर पडला आणि फाटकातच गाडीने आचका देऊन मान टाकली. परीक्षक वळून बघायला लागला.

"सरका," बायको म्हणाली.

ते निमूटपणे सरकले. रस्त्याला लागल्यावर तिने दुसऱ्यावरून तिसऱ्यासाठी क्लच दाबला आणि घड्याळजींचा हात आपसूक उचलला गेला. तिने रस्त्यावरची नजर न काढता तो हात धरला, त्यांच्याच मांडीवर नीट ठेवला आणि मग गिअर टाकला.