खुर्चीवरचा कोट

प्रिय ईरा आणि निखिल,

हे मेलबर्नला पोचलं की तुमच्या आईला शेजारी बसवा आणि अडलेले शब्द तिला विचारा. गेल्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, वर्गाने मला स्टुडंट काउन्सिलवर निवडलंय, पण मीटिंग म्हटलं की मला भीती वाटते. नाव मागे घेऊ का?" तेव्हा मी विषय बदलला, कारण फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय ज्या बाईबद्दल सांगायचं ती या हिवाळ्यात गेली. तिच्याबद्दल मराठीत लिहील असं माझ्याखेरीज आता इथे कोणी नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

रिबेका चौलकर मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या कॉलेजच्या स्वच्छतागृहात. गरम पाण्याच्या नळाखाली दोन्ही हात धरून ती डोळे मिटून उभी होती. मी नोकरीत नवीन होते. दार वाजलं तशी तिने डोळे उघडले आणि माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला.

"वसुधा? मराठी का गं तू?"

लंडनच्या या टोकाला, स्कर्ट आणि कार्डिगन घातलेल्या, रिबेका नावाच्या बाईच्या तोंडून ते ऐकून मी नुसतीच मान हलवली.

"मग खरं सांगते. मीटिंगच्या आधी माझे हात बर्फ होतात. गार हातात कागद थरथरतो, आणि तो थरथरला की त्या लोकांना बरोबर दिसतं."

ती भायखळ्यात वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. सॅमशी लग्न करून इकडे आली आणि आमच्या कॉलेजच्या वेम्बलीच्या शाखेत, नव्याने या देशात आलेल्यांना इंग्रजी शिकवायची. संध्याकाळचे तिचे वर्ग गच्च भरत. कोणी दिवसभर केअर होममध्ये राबून आलेली, कोणी गोदामातून थेट आलेला.

इथे कॉलेजचा कारभार गव्हर्नरांचं मंडळ बघतं. त्यात बाहेरची मोठी माणसं असतात, आणि शिक्षकांनी मतं देऊन पाठवलेला एक शिक्षकही असतो. रिबेका ती शिक्षक गव्हर्नर होती. मी मंडळाची क्लार्क होते. कागद पाठवायचे, टिपणं घ्यायची, नियम विचारला तर सांगायचा, हे माझं काम. मला मत नव्हतं. तिला होतं, आणि ते तिला फार जड वाटायचं.

मीटिंगच्या आधी ती स्टाफरूममध्ये एकेकाला गाठायची. "माझं मत मी घरी ठेवते," म्हणायची, "इथे तुमचं घेऊन जायचंय. बोला लवकर, चहा निवतोय." कर्मचाऱ्यांविषयीचा एखादा विषय निघाला की तिला खोलीबाहेर जावं लागे. जाताना ती आपला तपकिरी कोट खुर्चीच्या पाठीला लावून जायची. एकदा मी म्हटलं, "अगं, कॉरिडॉरमध्ये थंडी असते, कोट ने ना."

"थंडी सोसवते. पण इथे कोणीतरी बसत होतं हे त्यांना दिसत राहिलं पाहिजे."

मंडळाचा एक नियमही तिचाच होता. कँटीनचं कंत्राट एका गव्हर्नरच्या मेव्हण्याला जाता जाता राहिलं, तेव्हा तिने मांडला: ज्याचा फायदा-तोटा असेल त्याने त्या विषयाला बाहेर जावं. सगळ्यांनी टेबलं वाजवून तो मान्य केला होता.

मग ते वर्ष आलं. वेम्बलीची शाखा बंद करून इमारत विकायची, असा ठराव येणार असल्याची कुणकुण लागली. शाखा गेली तर रिबेकाचे वर्ग जाणार, तिच्यासकट तिथल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. काहीजण वर्क व्हिसावर होते. नोकरी गेली की देश सोडायची वेळ. स्टाफरूममध्ये माणसं कुजबुजू लागली आणि मी आत शिरले की गप्प होऊ लागली, जणू मीच ठराव आणला होता. जेवणाच्या सुट्टीत रिबेकाच्या टेबलाशी कोणी बसेना. तिच्याशी बोलताना आपण कोणाला दिसलो तर, ही प्रत्येकाला धास्ती.

प्रिन्सिपॉलबाईंनी तिला बोलावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाल्या?"

"गोड बोलल्या. मुख्य इमारतीत कोणाला सामावून घ्यायचं ते अजून ठरलेलं नाही म्हणे. तेव्हा बोलताना जपून." तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "घरी सॅम अंथरुणावर. माझ्या पगाराशिवाय आम्ही काय करणार, वसुधा?"

मी म्हटलं, "मग बोलू नकोस. कोणी नावं ठेवणार नाही."

"ठेवणार नाहीत, तेच वाईट." मग जरा हसून, "एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोललेय. शाखा राहू दे, म्हटलं. बघू म्हातारा ऐकतो का." एलियाहू हा त्यांचा प्रेषित; नवस पावला की त्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात.

मीटिंगच्या दुपारी ती नळाशी कितीतरी वेळ उभी होती. "आज पाणीच तापत नाहीये बघ." पाण्यातून वाफ निघत होती.

ठरावाचा विषय आला. रिबेकाने कागद उचलला, तोच अध्यक्ष म्हणाले, "मिसेस चौलकर, या ठरावात तुमची स्वतःची नोकरी आहे. तुमच्याच नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर जावं लागेल."

खोलीत शिक्षकांच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणीच नव्हतं. ती गेली की हात वर होणार आणि शाखा संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नियम बरोबर होता. ती उठली. कोट खुर्चीला लावला. दारापर्यंत गेली आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून वळली.

"नियम माझाच आहे, मी जाते. पण तो सगळ्यांना आहे. ज्यांचा या विक्रीशी संबंध असेल, ते माझ्याबरोबर येतील का?"

मग इमारतींच्या खरेदी-विक्रीचा धंदा असलेल्या गव्हर्नरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते उठले. त्यांच्या मागून, जिथे आमचे विद्यार्थी पाठवले जाणार होते त्या संस्थेच्या संचालिकाबाई. तिघं बाहेर गेली. दाराच्या काचेतून रिबेकाची पाठ दिसत होती.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आपण पुढे जाऊ या ना?"

प्रिन्सिपॉलबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी माणसं मोजली, परत मोजली.

"नाही, सर. कोरम नाही, मताला लागतात तेवढी माणसं खोलीत उरली नाहीत. मत घेता येणार नाही."

ठराव परत गेला. मीटिंग संपल्यावर मी कॉरिडॉरमध्ये धावत गेले. "रिबेका, तू आधीच मोजून आली होतीस? कोरम तुटणार, हे माहीत होतं तुला?"

"कसला कोरम?" तिचे ओठ निळे पडले होते. "मला एकटीला बाहेर जायची भीती वाटली गं. कोणीतरी सोबत यावं एवढंच डोक्यात होतं."

ठराव आता उघड झाला होता, म्हणून पुढच्या मीटिंगआधी शिक्षकांशी सल्लामसलत करणं मंडळाला भाग पडलं, आणि जे महिनोन्‌महिने गप्प होते ते हळूहळू बोलू लागले. त्या मीटिंगला मागे गैरहजर राहिलेले गव्हर्नरही आल्याने कोरम भरला; रिबेकाला आणि त्या दोघांना पुन्हा बाहेर जावं लागलं, पण या वेळी कॉरिडॉरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्हिसावरचे शिक्षकही आले होते, घाबरून भिंतीला चिकटून उभे. काचेतून ते सगळे चेहरे आत दिसत होते. ठराव पडला.

रिबेकाची नोकरी मात्र वाचली नाही. वर्षभरात "फेररचना" झाली आणि त्यात नेमकी तिचीच जागा गेली. कोणी बोट ठेवू शकेल असं कागदावर काही ठेवलं नव्हतं. सॅमच्या भावाने त्यांना हात दिला, तिने घरी शिकवण्या घेतल्या, आणि दिवस कसेबसे निघाले. पण नोकरी गेली त्याच आठवड्यात तिने पिनर भागातल्या आपल्या घरी मलिदा केला. गोड पोहे, वर ओलं खोबरं, भोवती फळं मांडलेली. मी चिडून म्हटलं, "नोकरी गेली आणि नवस कसला फेडतेस?"

"नवस शाखेचा होता. माझ्या नोकरीचं मी बोललेच नव्हते." ताट माझ्यापुढे सरकवताना तिची बोटं माझ्या हाताला लागली. गारच होती.

ईरा, तिची भीती कधीच गेली नाही. शेवटी हॉस्पिटलमध्येही मी तिचे हात चोळत बसले होते.

वेम्बलीची शाखा उघडी आहे. संध्याकाळचे वर्ग भरतात. मंडळात शिक्षकांची खुर्ची आहे, आणि हल्ली तिथे बसणारा तरुण शिक्षक बाहेर जाताना आपलं जाकीट तिच्यावर ठेवून जातो.

तुमची,
आजी