खिडकीवाली चिप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापुढे तर मी चोरून खाल्लेली भजीसुद्धा कबूल करतो. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही धड ठाऊक नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला मी भिलाईत, स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमध्ये होतो. आणि आमच्या रुआबांधा वसाहतीत माझी ख्याती होती — चिपांचा पारखी म्हणून. कुणाचा मोडका रेडिओ, कुणाचं कबाडातलं कॉम्प्युटरचं कार्ड, सगळं माझ्या अंगणात यायचं. काळं प्लास्टिक म्हणजे साधा माल. पांढरी चिनी माती आणि वर सोनेरी झाकण असलं, की मी भिंग काढायचो, नंबर वाचायचो, भुवया उंचावायचो. खरं सांगू? निम्मं ज्ञान भुवयांतच होतं.

सुधाकर माझा शेजारी, माझ्याच सेक्शनमधला. त्याचा मेव्हणा वसंता नागपूरला छापखाना चालवायचा. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना, देवनागरी उमटवणारा, प्रेमाने बहिणीच्या घरी पाठवून दिला. सुधाकरला त्यावर लग्नपत्रिका करायच्या होत्या. "भाऊ, तू एक डाव पाहून दे, मंग चालू करतो," तो म्हणाला.

मी उघडला. आत एक पांढरी चिप — पाठीवर काचेची इवलीशी खिडकी, तिच्यावर कागदाची पट्टी. इतकी देखणी चिप मी पाहिली नव्हती. दुर्मिळ दिसते, घरी नेऊन पारखतो, म्हणालो. नंबर वाचायला पट्टी सोलली. आतली नक्षी चमकली आणि मी हरखलोच. थर्माकोलवर टोचून अंगणाच्या कठड्यावर ठेवली — येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. आठ दिवस. तेही मे महिन्यात.

नवव्या दिवशी नेहरू नगरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला किंमत विचारायला गेलो, तर तो हसायलाच लागला. "धूप दिखा दी? फिर तो सब अक्षर धुल गए, भैया." खिडकीतून ऊन आत गेलं की चिपमध्ये साठवलेलं पुसलं जातं — पट्टी त्याचसाठी होती. आणि पारख्याला हे माहीत नव्हतं.

मग मी काय केलं? पट्टी परत चिकटवली, चिप जागेवर बसवली. सुधाकरने कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो — चिप आधीपासूनच कोरी आहे, मेव्हण्याने खराब माल दिला.

वसंताने शपथा घेतल्या, पाठवला त्या दिवसापर्यंत चालत होता म्हणून. पण माझी पारख कशी चुकेल? शब्दाने शब्द वाढला, येणंजाणं बंद झालं. सुधाकरची बायको, कुसुमवहिनी, मधल्यामध्ये रडल्या. मी तोंड उघडलं असतं तर एका मिनिटात मिटलं असतं — फार तर लोक मला हसले असते. मला नेमकं तेच नको होतं.

त्या दिवाळीत भाऊबीजेला वसंता आला नाही. दुपारी वहिनींनी मला बोलावलं. पाट मांडलेला, ओवाळणीचं ताट तयार. "भावजी, आज तुमीच बसा," त्या म्हणाल्या. "माह्या भावानं फसवलं. तुमी तं खरं बोलले."

मी बसलो. त्यांनी ओवाळलं, मी करंजीही खाल्ली. पुढच्या वर्षीही बसलो. त्याच्या पुढच्याही.