पहिला वजा दुसरा

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने मला तिच्या गृहपाठाचा फोटो पाठवला. सर्किटची आकृती, शेजारी शेजारी दोन चौकटी आणि एका चौकटीत हिऱ्यासारखं चिन्ह. खाली लिहिलं होतं, "आजी, हे समजत नाही. बाबा म्हणाले काकूला विचारू नकोस, तिला हे कधीच जमलं नाही, म्हणून तिचा डिप्लोमा राहिला. तुला येतं म्हणाले."

गणित मी त्याच दिवशी सोडवून पाठवलं. उरलेल्या मजकुराचं उत्तर लिहायला सहा दिवस गेले. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तिकडे परदेशात तुम्हाला वाचताना अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांनीही ते वाचायला हवं. तुमच्या काकूबद्दल ते जे सांगतात ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या गप्प बसण्यातून तयार झालं आहे.

तुमची काकू आमच्या घरी आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटलेले, दुसऱ्या वर्षाचा सर्किटचा एक पेपर अडकलेला. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली. ते अजून मेंढरं राखतात, दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. डोक्यावरचं मुंडासं सारखं करत ते म्हणाले, "पोरीचा येक पेपर ऱ्हायलाय. तेवढा द्यायला लावा. बाकी आमचं काय मागनं न्हाई."

मी म्हणाले, "तो पेपर मी स्वतः करून घेईन."

बैठकीतले पुरुष माझ्याकडे बघायला लागले. मला ते आवडलं होतं, हेही लिहून ठेवते. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, नारायणगावच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी आणि गणित शिकवून निवृत्त झालेली. माझ्या शब्दाला वजन आहे असं मला वाटायचं.

काकूची अडचण गणिताची नव्हती, पुस्तकाची होती. पुस्तक इंग्रजी, वाक्यं लांब, आणि मंचरजवळच्या कॉलेजात शिकवणारे सर ते नुसते वाचून दाखवायचे. तिच्या हातात दोन संधी होत्या. नंतर कॉलेजच्या नियमाने नाव निघून जाणार होतं. पेपर सुटला तर वीज कंपनीच्या भरतीचा फॉर्म भरता येणार होता. तिच्या माहेरी अजून कुणी शिक्का मारलेल्या कागदावर नोकरी केलेली नव्हती. पहिली संधी लग्नानंतर महिन्याभरातच आली आणि गेली. त्यानंतर मी पुस्तक हातात घेतलं.

आधी मी शिकायचं, मग तिला शिकवायचं, असं ठरवलं. रोज दुपारी दोन ते चार. टोमॅटोची तोडणी असली तरी ती वेळ मी कुणाला मोडू दिली नाही. तुमचे आजोबा ओसरीवरून जाता जाता म्हणायचे, "काय, सासू-सुना मिळून खांबावर चढनार का काय आता? मला आधी सांगा, शिडी आनून ठिवतो."

काकू म्हणायची, "तुमीच धरा शिडी, मामा. आमी चढतो."

ते हसायचे. तेव्हा घरात हे असं हसणं होतं.

थोरलीसाठी थोडं गणित सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सर्किटमधल्या प्रत्येक चौकटीत प्रवाह घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरतोय असं आपण धरतो. दोन चौकटींमधली भिंत एकच असते. त्या भिंतीतून डावीकडच्या, म्हणजे पहिल्या चौकटीचा प्रवाह खाली जातो, उजवीकडच्या दुसरीचा वर येतो, म्हणून तिथला खरा प्रवाह म्हणजे दोघांची वजाबाकी. आपण धरलेली दिशा चुकली तरी बिघडत नाही. उत्तर उणे येतं आणि आपल्याला कळतं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. चुकीला आपोआप जागेवर आणणारं शास्त्र मला पहिल्यांदाच भेटत होतं.

मग हिरा येतो. साधा सोर्स, म्हणजे वीज पुरवणारा, वर्तुळात काढतात, त्याचा आकडा ठरलेला असतो. हिऱ्याच्या आतला सोर्स दुसऱ्यावर अवलंबून. त्याला स्वतःचा आकडा नसतो. सर्किटमध्ये दुसरीकडे कुठेतरी एक प्रवाह वाहतो, त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट एवढाच याचा जोर. तो प्रवाह कुठला, हे आकृतीत बाण काढून दाखवलेलं असतं. पहिलं काम म्हणजे त्या बाणाचा प्रवाह आपल्या चौकटींच्या भाषेत लिहायचा. ते जमलं की पुढे नुसती समीकरणं.

मी पुस्तकातली अकरा सोडवलेली उदाहरणं करून पाहिली. अकराही ठिकाणी बाण मधल्या भिंतीत होता आणि खाली तोंड करून होता. मी नवी वही घेतली, समास आखला आणि नियम लिहून काढले. चौथा नियम असा: "मधला प्रवाह म्हणजे पहिला वजा दुसरा." त्याखाली लाल शाईने रेघ मारली.

काकूने नियम वाचला आणि पुस्तकातली आकृती उलटी फिरवून पाहिली. "पन आई, बाण वर तोंड करून आसला तर?"

मी म्हणाले, "असला तरी नियम तोच. दिशा चुकली तर उत्तर उणे येतं, पुस्तकातच दिलंय. चिन्ह आपोआप सांभाळलं जातं."

तिने आकृती पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "मला ह्ये निराळं वाटतंय. सांगू का?"

"सांग."

"आमच्यात दोघांची मेंढरं येका वाघरीत आसली, म्हंजी येका जाळ्याच्या आत, की सकाळी तोंडाला मोजत्यात. काई आत येत्यात, काई भायेर जात्यात, सारी गर्दी. तवा मालक आधी काठी टाकतो खाली. काठीचं टोक जिकडं, तिकडं गेलेलं मेंढरू धरायचं, उलटं आलं त्ये वजा करायचं. मोजनारा तिसराच आसतो. त्यानं कुटं बी उभं ऱ्हावं, पन त्यानं काठी फिरवायची न्हाई. काठी मालकाची."

"बरं, मग?"

"मंग आपली चौकट म्हंजी मोजनारा. ती आपुन कशी बी धरू. पन बाण आपला न्हाई ना. बाण सर्किटवाल्यानं टाकलाय."

बाळांनो, ती बरोबर होती. शंभर टक्के बरोबर. जे आपण धरतो ते चुकलं तर गणित सुधारतं. जे दिलेलं असतं ते आपण उलटं वाचलं तर हिऱ्याचा जोरच उलटा होतो आणि सगळं सर्किट दुसरंच होऊन बसतं. पुस्तकाने हे कुठेही एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलेलं नाही. एकवीस वर्षांच्या मुलीने ते माझ्यासमोर बसून सांगितलं, आणि मी म्हणाले, "मेंढरं बाहेर बांधून ये आणि मग पुस्तक उघड."

ती हसली नाही. कान लाल झाले तिचे. मला ते दिसलं.

आपल्या घरातली मेंढरं तुमच्या पणजोबांनी विकली आणि बोरीला जमीन घेतली. माझ्या माहेरीही मेंढरंच होती, ती सोडून माझ्या वडिलांनी पुण्यात सरकारी नोकरी धरली. शाळेत मैत्रिणी माझ्या गावाविषयी विचारायच्या तेव्हा मी द्राक्षांच्या बागा सांगायची. कळपाचं नाव काढायची नाही. तेव्हाची लाज त्या दुपारी माझ्या तोंडून बाहेर पडली, आणि शिक्षिकेचा आवाज घेऊन पडली म्हणून कुणाला ओळखू आली नाही. मलाही नाही.

त्यानंतर तिने मेंढरांचं नाव काढलं नाही. चौथा नियम पाठ केला. मी रोज विचारायची, "मधला प्रवाह?" ती म्हणायची, "पहिला वजा दुसरा." मी म्हणायची, "शाबास."

परीक्षेच्या दिवशी तुमच्या काकांनी तिला मोटारसायकलवर नारायणगावपर्यंत सोडलं, तिथून ती जीपने मंचरला गेली. जाताना माझ्या पाया पडली. दुपारी परत आली ती जीपमधून उतरताच म्हणाली, "आई, हिऱ्याची दोन गणितं आलती. दोन्ही केली. आधी येक माझ्या मनानं केलं व्हतं. मंग तुमचा नियम आठावला, खोडलं, आन दोन्ही तसंच लिवलं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

निकालात तिला चार गुण कमी पडले.

घरात फार बोलणं झालं नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "न्हाई जमत तर न्हाई जमत. लई झालं आता. क्रेट भरायला मानूस न्हाई मिळत आन आपुन पेपर देतोय." तुमचे काका म्हणाले, "तिला झेपलं न्हाई, आई. तू काय कमी केलंस?" मी ताटं वाढत होते. वाढत राहिले.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची ही माझीच हौस. मला वाटत होतं तपासणाऱ्याची चूक निघेल. झेरॉक्स आली, ती घेऊन मी दुपारी दोन वाजता, नेहमीच्या जागेवर, एकटी बसले. दोन्ही आकृत्यांत बाण वर तोंड करून होता. पहिल्या गणितात तिने लिहिलं होतं: दुसरा वजा पहिला. बरोबर. त्यावर एक आडवी रेघ. खाली माझा नियम, आणि मग माझ्या नियमाने चालत गेलेली दोन पानं, नीट, समास सोडून, मी शिकवल्यासारखी. दुसऱ्या गणितात तर खोडाखोडसुद्धा नव्हती. प्रत्येक गणिताला सहा गुण. पायऱ्यांचे म्हणून दोन-दोन दिलेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी उठून सांगायला हवं होतं की चूक माझी आहे. त्याने कॉलेजच्या यादीत नाव परत चढलं नसतं, नियम तो नियम. पण तिला झेपलं नाही, हे वाक्य त्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नसतं. मी झेरॉक्स तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तपासणी ठीक आहे."

तिने पान उलटलं, पाहिलं. तिला कळलं. चेहऱ्यावरून दिसलं की कळलं. ती म्हणाली, "बरं." तेवढंच. पदर खोचून क्रेट भरायला गेली.

तिने वर्षानुवर्षं मला तोडून कधी उत्तर दिलं नाही. तिच्या वडिलांनी पुढच्या दिवाळीला आपल्याच शेतात मेंढरं बसवली, खतासाठी. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमी लई कष्ट घेतलं पोरीसाठी. तिच्याच डोक्यात न्हाई उतारलं, त्याला तुमी तरी काय करनार." मी म्हणाले, "चहा घ्या, निवतोय." त्यांनी तो घेतला. यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

तिला झेपलं नाही, हेच काकांनी तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, बाबांनी तुम्हाला सांगितलं. काका फोनवर बोलत होते तेव्हा मी तिथेच होते.

इथवर पत्र लिहून झालं तेव्हा, पाठवायच्या आधी, काल ते काकूला वाचून दाखवलं. ती निवडलेला टोमॅटो क्रेटमध्ये लावत होती. हात न थांबवता ऐकत होती. मेंढरं बाहेर बांधून ये, हे वाक्य आलं तेव्हा मात्र हात थांबले.

संपल्यावर म्हणाली, "लांबच्या पोरांना लिवताय, आई. हितं कवा सांगनार?"

मी कागदांची घडी घातली.

"त्या पोरांना मी कुटं रोज दिसते? हितं रोज दिसते मी."

आज सकाळी चहाला तुमचे आजोबा आणि काका बसले होते. मी सांगितलं. नियम, बाण, खोडलेली ओळ, सगळं. काका खाली बघत राहिले. तुमचे आजोबा बशी खाली ठेवून म्हणाले, "बरं. मंग आता काय?" त्यांना दोष देत नाही. भरतीचं वय निघून गेलं आहे, कॉलेजच्या यादीत नाव नाही. काकू चुलीपाशी उभी होती. ती माझ्याकडे आली नाही.

थोरले, यापुढे असं गणित अडलं तर काकूला विचार. ती सांगेल की नाही, मला माहीत नाही. मी तिला तसं सांग म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला आहे.

दुपारी मी तिला विचारलं, झेरॉक्स आहे का. तिने कपाटातून, साड्यांच्या घडीखालून काढून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कागद पिवळा पडला आहे. तिने मारलेली रेघ बारीक आहे. त्या रेघेने खोडलेली ओळ अजून स्पष्ट वाचता येते, आणि ती बरोबर आहे.