घर वरून दिसावं म्हणून

भुवडकोंडात कुणी तुळसाचं घर विचारलं तर लोक घर दाखवत नसत, फणस दाखवत. "तो मोठा बरका फणस दिसतोय ना, त्याच्या पोटाखाली." आणि ते खरंच होतं. घर बुटकं, कौलारू, दोन खोल्या आणि मागे पडवी. फणस मात्र असा पसरलेला, की कोंबडीनं पिल्लू पंखाखाली घ्यावं तसं त्यानं घर घेतलेलं. चैत्राच्या उन्हातसुद्धा तुळसाच्या दारापुढच्या खळ्यात पाय भाजत नसत. शेजारची सखू दुपारचं जेवण आटोपलं की सूप आणि तांदूळ घेऊन तिथेच येऊन बसायची. "तुझ्या घरात काय नाय गो तुळशे, पण सावली सावकाराची हाय," असं म्हणायची. तुळसाला ते ऐकायला आवडायचं.

माघ सरत आला होता तेव्हा संदेशचा फोन आला.

संदेश हा तुळसाचा एकुलता एक मुलगा, हवाई दलात वैमानिक. एकमेकांना खेटून विमानं उडवतात, उलटी करतात, आकाशात धुराच्या रेघा ओढतात, त्या तुकडीत होता. लग्नानंतर तो गावी आला नव्हता. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. बदली, सराव, बायकोची नोकरी, आणि ते सगळं खरंच होतं.

"आई, रत्नागिरीत शो आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर. आमची टीम येतेय."

तुळसा चुलीपुढून उठून बाहेर आली. "मग घरी येशील ना?"

"बघतो. वेळ कसा मिळतो त्यावर आहे." मग जरा थांबून, बहुतेक तिला बरं वाटावं म्हणून, तो म्हणाला, "तसा आमचा मार्ग आपल्या डोंगरावरूनच आहे. अकराच्या सुमाराला वरून जाऊ."

फोन ठेवल्यावर तुळसाने "बघतो" बाजूला ठेवलं आणि "वरून जाऊ" तेवढं मनात धरलं. सबंध वाडीला सांगून झालं.

संदेश दहा वर्षांचा असताना शाळेतले गुरुजी घरी आले होते. पोराचं गणित चांगलं आहे, सैनिकी शाळेच्या परीक्षेला बसवा म्हणाले. भागोजी, तुळसाचा नवरा, तेव्हा लोट्याला कंपनीत पाळीवर होता, खोली करून राहायचा. तो खास रजा काढून आला आणि पोराला घाटावर पोचवून परत पाळीवर गेला. तुळसाने पिशवीत दोन फणसपोळ्या बांधून दिल्या होत्या, ह्याच झाडाच्या. पहिल्या सुट्टीत संदेशने त्या परत आणल्या, जशाच्या तशा, सुतळीची गाठसुद्धा तिचीच. "बाहेरचं खायला परवानगी नसते," तो म्हणाला. रडला नाही की काही नाही. जेवल्यावर ताट स्वतः विसळलं, पांघरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली, आणि तिने ताक दिलं तर "थँक्यू" म्हणाला.

वाडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावून कौतुक केलं, काय वळण लागलंय पोराला! तुळसाला मात्र वाटलं, ह्याने एकदा ताट भिरकावलं असतं तर बरं झालं असतं. मीठ कमी पडलं म्हणून आदळआपट करायला घरचं माणूस लागतं. पाहुणा गुपचूप जेवतो.

पुढची सगळी वर्षं तो तसाच येत राहिला. उंच होत, गोरा होत, बोलणं साफ करत. मग यायचा थांबला.

भागोजी आता नोकरी संपवून घरी होता, आणि रिकाम्या माणसाच्या डोक्यात जे येतं ते त्याच्या डोक्यात आलं. त्याचा पुतण्या निलेश रत्नागिरीत रिक्षा चालवायचा. तो गावी आला तेव्हा भागोजीने त्याला बसवलं. "तुझ्या त्या मोबायलात वरनं गाव दिसतो म्हणतात. बग जरा, आपला घर कसा दिसतो."

निलेशने नकाशा काढला, बोटांनी मोठा केला. डोंगर दिसला, कातळाचा काळपट सडा दिसला, शाळेचं पत्र्याचं छप्पर चकाकत होतं. भुवडकोंड म्हणजे हिरवा गोळा.

"आणि घर?"

"काका, घर नाही दिसत. हा फणस दिसतोय बघा, एवढा. घर त्याच्या खाली."

भागोजी मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघत राहिला. सखूचं घर दिसत होतं. सखूचा गोठासुद्धा दिसत होता.

"तोडायला होवा," तो म्हणाला.

तुळसा आतून तांदूळ टाकून बाहेर आली. "काय तोडायला होवा?"

"फणस. पोर वरनं जानार, आनि त्याला दिसनार काय? सखूचा गोठा?"

"डोकं फिरलं काय तुमचं? कुयऱ्या लागल्यात झाडाला. लेकुरवाळं झाड कोन तोडतो?"

"झाडाचं लेकरू मोठं की आपलं?"

तुळसा पुन्हा आत गेली. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलली नाहीत; भागोजीने ताक मागितलं तेसुद्धा मांजराला उद्देशून.

पण एक गोष्ट होती. वरच्या वाडीतला सुजय एसटीवर चालक होता. त्याची गाडी भुवडकोंडाच्या वळणावर आली की तो एक लांब हॉर्न मारायचा. त्याची आई असेल तिथून धावत दरडीवर यायची. कधी नुसता हात करायची. कधी तांब्या घेऊन यायची, मग सुजय गाडी थांबवायचा, खिडकीतूनच ताक प्यायचा, आणि मागचे प्रवासी ओरडायचे, "आता जेवूनच ये की रं!" एकदा तो खरंच उतरला होता. आई तापाने झोपलेली, दरडीवर दिसली नाही, म्हणून गाडी तशीच उभी करून घरात जाऊन आला. सगळी एसटी थांबली होती. कुणी तक्रार केली नाही.

माणसाला घर दिसलं की पाय अडखळतो, असं तुळसाला ह्यावरून पक्कं ठाऊक होतं. विमान काय आणि एसटी काय, चालवणारा आईच्याच पोटचा. वरून जाताना त्याला खळं दिसलं, खळ्यात आई दिसली, तर खाली उतरल्यावर रत्नागिरीहून इथवर यायला कितीसा वेळ? आणि दिसलंच नाही तर? मग "बघतो" तो "बघतो"च राहील.

दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता, ती म्हणाली, "बोलवा करवतवाल्याला."

भागोजीने चमकून बघितलं. आता तोच म्हणाला, "अजून विचार कर."

"केला."

तोडायच्या सकाळी भागोजीने झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, हात जोडून राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, आमी अडानी मानसं. पोराला घराची वाट दिसावी म्हनून करतोय. काय चुकला असेल तर पदरात घे." तुळसा मागे उभी होती. नारळ फुटला, पाणी मुळात गेलं, आणि यंत्राच्या करवतीने असा आवाज काढला की सखूच्या गोठ्यातली वासरं दावं ताणू लागली.

फणस संध्याकाळपर्यंत पडला. खळंभर कुयऱ्या, कोवळ्या, काटेरी, मुठीएवढ्या. वाडीतल्या बायका टोपल्या भरून घेऊन गेल्या. सखू तेवढी बोलली, तिला गप्प बसणं जमतच नसे.

"शिमग्याला देवाची पालखीसुद्धा घरोघर येते गो. तुझा पोर देवापरीस मोठा झाला काय, म्हनून त्याच्यासाठी आभाल मोकला करतेस?"

"येईल तेव्हा बघ," तुळसा म्हणाली.

तिच्या हाताला चीक लागला होता. खोबरेल लावून चोळला, राखेने चोळला, तरी बोटं एकमेकांना चिकटत राहिली.

शोच्या दिवशी भागोजी निलेशबरोबर पहाटेच भाट्याला गेला. तुळसा गेली नाही. ती गेली तर खळ्यात उभं कोण राहणार? तिने आदल्या दिवशी खळं सारवलं होतं. कपाटातलं पिवळंधमक लुगडं नेसली, लांबून दिसेल असं. कुयरीची भाजी फोडणीला टाकून ठेवली, खोबरं सढळ हाताने. घावनांचं पीठ भिजवलं. मग उघड्या खळ्यात येऊन उभी राहिली. तिथे उभं राहणं सोपं नव्हतं. ऊन थेट टाळूवर येत होतं, आणि घराकडे वळून बघितलं की घर तिला अनोळखी वाटायचं. भिंतीचे पोपडे, वाशाला टेकू दिलेला बांबू, पडवीचा निळा प्लॅस्टिकचा कागद. इतकी वर्षं झाडाने हे सगळं झाकलं होतं.

सखू आली, आणखी चारपाच बायका आल्या, डोळ्यांवर हात धरून.

"काय गो, इमान उतरवतेस काय खल्यात?"

"उतरलं तर तुला चक्कर मारून आणायला सांगते."

बायका हसल्या. आणि मग काहीच कानावर न येता, डोंगराच्या पाठून पाच विमानं वर आली, बाणाच्या टोकासारखी, एकमेकांना इतकी लागून की जणू एकच पाखरू. ती डोक्यावर आली आणि मग आवाज आला, कौलं थरथरवणारा. तुळसाने दोन्ही हात वर केले. हात पुरते वर जाईपर्यंत विमानं समुद्राच्या बाजूच्या डोंगराआड गेली होती. आवाज मात्र मागे राहून घुमत राहिला.

"झालं?" सखूने विचारलं. "त्यातलं तुझं कुठलं?"

तुळसाचे हात अजून वरच होते. ते तिने खाली घेतले आणि लुगड्याच्या निऱ्या उगाच सारख्या केल्या.

संध्याकाळी भागोजी आला. डोक्यावर विमानाचं चित्र असलेली टोपी, आणि चेहरा जत्रेत चुकलेल्या माणसासारखा.

"भेटला?"

"भेटला. इमानं उतरवून मग गाडीनं किनाऱ्यावर आले सगले, तवा दोरीच्या पल्याडनं. सगल्यांच्या समोर पाया पडला. साहेबाला सांगितलान, हे माझे वडील. साहेबानं हात मिळवलान. मग लोकांनी फोटोसाठी घेरलान त्याला."

"आनि घरी?"

भागोजीने टोपी काढली, खुंटीला लावायला गेला, खुंटीवर कंदील होता म्हणून हातातच धरून बसला. "रात्री काय तरी सत्कार हाय. उद्या परत जानार. तुला फोन करतो म्हनाला."

दिवेलागणीला फोन आला. मागे माणसांचा, भांड्यांचा आवाज होता.

"आई, सॉरी. खूप प्रयत्न केला. पुढच्या वेळी नक्की."

"असूं दे." तुळसाने आवाज जपून काढला. "घर दिसलं ना?"

"घर?"

"वरून गेलास ना रे. मी खळ्यात उभी होते. पिवळं लुगडं नेसून."

"आई, आम्हाला खाली बघता येत नाही. पुढचं विमान असतं ना, त्याच्या पंखावर नजर ठेवायची. तिथून नजर हलली की संपलं. खाली गाव आहे की समुद्र, मला ठाऊकही नसतं."

"मग वाट कुणाला ठाऊक असते?"

"सगळ्यात पुढे असतो त्याला. आम्ही फक्त त्याच्याकडे बघायचं."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

तुळसाने मान हलवली, जणू त्याला दिसणार होतं. हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं, असं तिला वाटलं, पण कुणी सांगणार? वाडीत विमान चालवणारा दुसरा कोण होता? तिने दाराबाहेर बघितलं. खळ्याच्या कडेला उरलेल्या बुंध्यातून अजून चीक पाझरत होता.

"आमी फणस तोडला," ती म्हणाली. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तरी म्हणाली.

"कुठला फणस?"

पलीकडे कुणी तरी त्याला हाक मारत होतं.

"हां, तो दारातला का?" तो म्हणाला. "बरं केलंत. वादळात कौलांवर आला असता. बाबांना नमस्कार सांग. तब्येत जप, आई. थँक्यू, तू समजून घेतेस."

फोन बंद झाला. भागोजी तिच्याकडे बघत होता. "काय म्हनाला? दिसलं घर?"

"दिसलं," तुळसा म्हणाली. "बरं केलंत म्हनाला."

भागोजी हसला, कधी नव्हे तो पोटभर जेवला, आणि कुयरीची भाजी परत मागून घेतली. तुळसाने स्वतःच्या पानात भाजी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सखू सवयीने सूप आणि तांदूळ घेऊन आली. तेवढ्यात डोंगरापलीकडून तोच आवाज उठला.

"अगो तुळशे, चालला तुझा पोर! बाहेर ये!"

तुळसा बाहेर आली, पण वर बघितलं नाही. खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्या पायाने सारख्या करत राहिली. आवाज डोक्यावरून गेला, पातळ झाला, संपला.

सखूने खळ्यात बसायला पाय टाकला आणि चटका बसून मागे घेतला. ह्या कडेला गेली, त्या कडेला गेली. बुंध्याजवळ गेली तर तिथे चीक. सूप छातीशी धरून ती उभीच राहिली.

"आता बसू कुठं गो?" तिने विचारलं.

तुळसाने खळ्याभर नजर फिरवली. कुठेच सावली नव्हती.